पाठीचं मत

पोर्शे ९११ वर आजवर जेवढं लिहिलं गेलंय, त्यातलं बहुतेक तिच्या इंजिनावर आहे. गंमत म्हणजे नव्या ९११ चं मागचं झाकण उघडलं, तर इंजिन दिसतच नाही. पंखे दिसतात, तेलाचं आणि पाण्याचं तोंड दिसतं. मालक जाणकारासारखी मान डोलावतो आणि झाकण लावून टाकतो. गाडीशी त्याचा अंगाचा संबंध येतो तो तीनच ठिकाणी. हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर आणि उरलेला सगळा माणूस सीटवर. पण त्या सीटबद्दल विचारावं तर म्हणतो, "लेदरची आहे."

मी मात्र कुठल्याही गाडीत आधी सीट बघतो. ही रसिकता नव्हे, ही कंबर. डॉक्टरांनी ज्याला एकदा "फार वेळ बसू नका" असं सांगितलं, तो उरलेलं आयुष्य बसण्याचाच विचार करत काढतो. लग्नाच्या हॉलमध्ये जेवण कसं आहे याआधी खुर्ची कशी आहे हे त्याला कळलेलं असतं.

त्यात माझा भाचा स्टुटगार्टला असतो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत खरी, पण माणसांची खरी ये-जा पुण्याची, असं आम्हां पुणेकरांचं नम्र मत आहे. पुण्यातली मेकॅनिकलची मुलं पासपोर्ट काढतात ती बहुधा तिकडे जायलाच. या भाच्याने काही वर्षांपूर्वी एक वापरलेली ९११ घेतली. २००६ सालची, ९९७ म्हणतात त्या पिढीतली. तेव्हापासून तो मला सीटचे फोटो पाठवतो. इतर लोकांचे भाचे बर्फाचे पाठवतात.

सीटच्या बाबतीत ९११ चं घराणं मोठं आहे. स्टुटगार्टला १९०६ साली विल्हेल्म रॉयटर यांनी मोटारींच्या बॉडी बांधायचा कारखाना काढला. पोर्शेची पहिली गाडी म्हणजे ३५६, तिच्या बॉडी तिथे होऊ लागल्या. ९११ येऊ घातली तेव्हा, १९६३ च्या अखेरीस, पोर्शेने रॉयटरचा बॉडीचा कारखाना माणसांसकट घेऊन टाकला. रॉयटरवाल्यांकडे उरला तो सीटचा धंदा. त्याचं नाव त्यांनी रेकारो ठेवलं. भावाभावांच्या वाटणीत थोरल्याने वाडा घ्यावा आणि धाकट्याच्या वाट्याला नुसत्या बैठकीच्या गाद्या-तक्के यावेत, तसंच झालं हे. धाकट्याने मात्र त्या जोरावर अर्धं जग बसवलं. रेसमधल्या गाड्यांत, विमानांत, लहान मुलांच्या सीटमध्ये, जिथे जिथे म्हणून माणसाला घट्ट बसवायचं असतं तिथे रेकारो पोचली. २०२४ च्या उन्हाळ्यात तिचं जर्मनीतलं गाड्यांच्या सीटचं काम दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेलं. भाच्याने ही बातमी मला रात्री फोन करून सांगितली, आणि आवाज असा की मी आधी ताईची तब्येत विचारली. पुढे ते काम इटलीतल्या प्रोमाने घेतलं, तेव्हा कुठे त्याचं सुतक फिटलं.

तर १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ म्हणून मांडली गेली. मधल्या शून्यावर प्यूजोने हक्क सांगितल्यामुळे ती ९११ झाली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला जास्त महत्त्वाची वाटते ती मागच्या सीटची गोष्ट. तेव्हा कंपनी चालवणाऱ्या फेरी पोर्शे यांना धड चार माणसांची ऐसपैस गाडी नको होती. पुढे दोन माणसं आणि मागे, म्हटलं तर, आणखी दोन, एवढंच हवं होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर पहिल्या ९११ मध्ये २,२११ मिलिमीटर होतं. आजच्या गाडीत ते २,४५० आहे. साठ वर्षांत जवळजवळ पाऊण फूट. त्यातलं मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना किती मिळालं, हे विचारू नये.

कारण त्या सीट बसण्यासाठी नाहीतच. त्या सांगण्यासाठी आहेत. "चार सीटची आहे," असं घरी सांगता येतं. लग्नानंतर स्पोर्ट्स कार घेणाऱ्या माणसाला हे वाक्य किती उपयोगी पडलं असेल याचा हिशेब कुठल्याही कारखान्याने ठेवलेला नाही. आखणी करणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं, म्हणूनच त्या सीटच्या पाठी पहिल्यापासून पुढे दुमडून आडव्या होतात आणि त्यांचा सामान ठेवायचा कट्टा होतो. त्यावर छत्री राहते, कोट राहतो, शाळकरी मूल काही वर्षं राहतं. मग त्याला उंची येते आणि छत्री परत येते.

साठच्या दशकातल्या पुढच्या सीटना पेपिटा नावाचं कापड मिळायचं. काळ्या-पांढऱ्या बारीक तुटक चौकड्यांचं, एखाद्या कडक शिस्तीच्या प्राध्यापकाच्या कोटाला शोभेल असं. आतली गादी घोड्याच्या केसांत रबर मिसळून केलेली. आपल्याकडे काथ्याला रबर लावून गाद्या करतात, त्याच जातीचा माल. जुन्या ९११ दुरुस्त करणारे लोक आजही तशा नव्या गाद्या मिळवून बसवतात, फोम चालत नाही म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. बोनेटवरच्या बिल्ल्यावर स्टुटगार्टचा घोडा, मागे इंजिनात शे-सव्वाशे घोडे, मग खाली बुडालाही घोड्याचेच केस हवेत.

मग सुरक्षितता आली. १९६९ च्या सुरुवातीपासून अमेरिकेत नव्या गाडीच्या पुढच्या सीटना डोक्याचा टेकू सक्तीचा झाला, आणि ९११ चा तर मोठा बाजार अमेरिकेतच. आधी टेकू वेगळा लावत. १९७४ च्या गाड्यांपासून तो पाठीतच मिसळला आणि सीट एका सलग उंच फळीसारखी झाली, वरच्या टोकाला जरा निमुळती. या सीटला भक्तमंडळींनी थडग्याचा दगड असं टोपणनाव दिलं. जीव वाचवण्यासाठी केलेल्या वस्तूला हे नाव देणारे लोक मला फार आवडतात.

पण सीटच्या इतिहासातला माझा सगळ्यात लाडका प्रसंग त्याच्या थोडा आधीचा, १९७२ चा. त्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शेने कॅरेरा आर एस २.७ दाखवली. शर्यतीसाठीची, पण रस्त्यावरही चालवता येईल अशी. किंमत ३४,००० मार्क. त्यावर ७०० मार्क आणखी दिले की एम ४७१ नावाचं पॅकेज मिळे. त्यात काय मिळे? मागच्या सीट मिळत नसत. गालिचा मिळत नसे. घड्याळ मिळत नसे. कोट अडकवायच्या खुंट्या नाहीत, दाराला हात टेकायची जागा नाही. पुढे दोन पातळ बकेट सीट. गाडीचं वजन भरे ९६० किलो. मंडईत मी अनेकांना घासाघीस करताना पाहिलंय, स्वतःही केलीय, पण जास्त पैसे मोजून वर घड्याळ काढून घ्या म्हणणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. अशी दोनशे गिऱ्हाइकं पोर्शेला मिळाली. शेजारीच एम ४७२ नावाचं दुसरं पॅकेज होतं, २,५०० मार्कांचं, त्यात नेहमीच्या गाडीतल्या सगळ्या सुखसोयी परत बसवून मिळत. ते तेराशेहून जास्त लोकांनी घेतलं. एकूण गाड्या १,५८०. म्हणजे माणूस मुळात शहाणा आहे, हे सिद्ध होतं. फक्त आज लिलावात जास्त भाव येतो तो त्या दोनशे वेड्यांच्या गाड्यांना, हे शहाण्यांना सांगू नये.

याच सुमाराला, १९७४ मध्ये, लुईझ पिएख यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. कंपनीचे संस्थापक फर्डिनांड पोर्शे यांची ही मुलगी, फेरींची थोरली बहीण. ऑस्ट्रियातला सगळा कारभार तिने सांभाळलेला, आणि गाडी चालवण्याची जबरदस्त हौस. सत्तरीला आपल्याकडे शाल-श्रीफळ, फार तर काशीयात्रा. तिला मिळाली पहिली ९११ टर्बो. आणि त्या गाडीतल्या सीट साध्या काळ्या नव्हत्या. लाल चामडं आणि त्यात लाल-निळ्या स्कॉटिश चौकड्यांचं कापड! शालच म्हणायची, फक्त गाडीला पांघरलेली. त्या सीटच्या फोटोकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. सत्तराव्या वर्षी खाली वाकून, पाय आत घेऊन, गाडीत उतरावं लागणार. तरी त्या बाईने सोयीची घरगुती गाडी मागितलेली दिसत नाही. माझी कंबर हे मान्य करायला तयार नाही, पण मी मनातल्या मनात उभा राहून टाळ्या वाजवल्या.

त्याच दशकाच्या शेवटी पाशा आलं. हे १९७७ पासूनचं कापड. बुद्धिबळाचा पट कुणी तरी पाण्यात बुडवून वर काढावा, अशा फुगत-आकसत जाणाऱ्या चौकड्या. गाडी उभी असतानाही पोटात डुचमळायला लावणारी ही जगातली बहुधा एकमेव सीट. त्या काळी अनेकांनी नाकं मुरडली. आता बघा, २०२५ मध्ये स्पिरिट ७० नावाची खास आवृत्ती निघाली, १,५०० गाड्यांची, आणि पाशा परत. त्याआधी २०१६ च्या ९११ आर मध्ये पेपिटा परत, २०२० च्या एका खास टार्गात कॉर्डरॉय परत. कापडं परत येतात. कंबर परत येत नाही.

मधल्या पिढ्यांबद्दल फार लांबण लावत नाही. ऐंशीच्या दशकात सीटना विजेच्या मोटरी आल्या. १९९७ ची ९९६ निघाली तेव्हा तिने पुढचा अर्धा संसार पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टरशी वाटून घेतला म्हणून जुने भक्त रुसले, ते अजून पुरते हसलेले नाहीत. पुढे सीट इतक्या प्रकारच्या झाल्या की निवडताना डोळ्यांपुढे अंधारी यावी. हल्ली ९११ ची साधी सीट चार दिशांना हलते, तिच्यावरची चौदा आणि त्याहून महागडी अठरा. अठरा दिशा! मला स्वतःला एवढ्या दिशांना हलता येत नाही. आणि या सगळ्यांच्या वर, कार्बनची बकेट सीट. तिची पाठ हलत नाही. एकाच कोनात घट्ट. पुढे-मागे हाताने ओढायची, उंची तेवढी बटणावर. किंमत मात्र अशी की तेवढ्यात इथे एखादी बरी जुनी गाडी यावी. पोर्शेच्या सीटचा नियम लक्षात आला असेलच. जितक्या जास्त दिशांना हलेल तितके पैसे जास्त, आणि अजिबात हलली नाही तर सगळ्यात जास्त.

भाच्यानेही न हलणाऱ्या सीटवरच पैसे घातले. त्याच्या गाडीत आधीच्या मालकाच्या चामड्याच्या सीट होत्या. त्यांतल्या चालकाच्या सीटची डावी बाजू झिजलेली. जर्मनीत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे उतरताना-चढताना दर वेळी त्याचा डावा कुल्ला सीटच्या बाहेरच्या उंचवट्यावर घासतो. आधी रंग जातो, मग चामड्याला सुरकुत्या पडतात, मग चीर, आणि शेवटी आतला पिवळा फोम बाहेर डोकावतो. वापरलेली ९११ विकत घेताना जाणकार लोक मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवत नाहीत, हा उंचवटा बघतात. मीटर मागे फिरवता येतो. झिजलेला कुल्ला कुणाला मागे फिरवता आलाय?

दुरुस्ती करायची तर ते काम गादीवाल्याचं आहे. चामडं सोडवायचं, फोम भरायचा, तेवढाच एक तुकडा त्याच रंगाचा शोधून शिवायचा. नाना पेठेत एका दुपारचं काम, वर चहा. भाचा म्हणाला, "नाही मामा, सीटच बदलायच्या." आणि त्याने वापरलेल्या कार्बन बकेट सीटची जोडी उचलली. इथून पुढे आठवडेच्या आठवडे तो फोनवर दुसरं काही बोललाच नाही. रूळ जुळतात का, भोकांमधलं अंतर बरोबर आहे का, पट्ट्याचं लॉक कुठे येतं, सीटमधल्या एअरबॅगची तार सुटली की समोरचा लाल दिवा कसा लागतो आणि लागलेलाच राहतो. जर्मनीत तर सीट बदलली की तपासणी करून घ्यायची, कागदावर नोंद करून घ्यायची. मी म्हटलं, "अरे, बसायचं आहे की जमीन नावावर करायची आहे?"

सीट बसल्या. भाचा खूश. मग मे महिन्यात ताई तिकडे गेली.

बकेट सीटमध्ये शिरायची एक रीत असते. आधी एक पाय आत, मग हात कडेवर, मग कंबर उचलून उंचवट्यावरून पलीकडे, आणि मग माणूस आत पडतो. ताईला ही रीत कुणी सांगितली नव्हती. ती साडी सावरून घरच्या सोफ्यावर बसतात तशी बसायला गेली आणि उंचवट्यावरच स्थानापन्न झाली. तिथून ती आत घसरली ते बरोबर खोबणीत. रस्ताभर छान होतं, असं तिचं म्हणणं. कुठे हलायला झालं नाही, वळणावर तोल गेला नाही. उतरायची वेळ आली तेव्हा तिने दार उघडलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "अरे, तुम्ही दोघं कॉफी पिऊन या. मी इथेच बसते."

शेवटी सुनेने एक हात धरला, भाच्याने दुसरा, पलीकडच्या फुटपाथवरून कुत्रा फिरवायला निघालेले एक वयस्कर जर्मन गृहस्थ न बोलावता धावून आले, आणि तिघांनी मिळून माझ्या बहिणीला जगात परत आणलं. त्या गृहस्थांनी मग सीटकडे बघून एक वाक्य म्हटलं. भाच्याने भाषांतर करून सांगितलं की तरुणपणी त्यांच्याकडेही अशीच होती, आता त्यांनी ती काढून टाकलीय. ताईने त्यांना घरी चहाला बोलावलं.

मला यातून एक गोष्ट कळली, ती अशी. कारखाना म्हणतो गाडीच्या पिढ्या बदलतात, म्हणून सीट बदलतात. ९६४, ९९३, ९९६, ९९७, ९९१, ९९२. गाडीच्या आत मात्र दुसराच हिशेब चालू असतो. विशीतल्या पाठीला ती कडक सीट सहज सोसवते, पण तिच्याकडे पैसे नसतात. पैसे येतात तेव्हा पाठ पन्नाशीची झालेली असते. तरीही तो पन्नाशीचा माणूस विशीतल्या पाठीच्या वतीने ऑर्डर देतो, आणि चार वर्षांनी स्वतःच्या पाठीच्या वतीने ती सीट काढून अठरा दिशांवाली बसवतो. म्हणून वापरलेल्या बकेट सीट बाजारात नेहमी असतात. एकाची पाठ हरते, दुसऱ्याला अजून हरायची असते. मधे कुठे तरी त्यांची गाठ पडते आणि रोख व्यवहार होतो.

पोर्शेला हे कळत नाही असं समजू नका. २०२० मध्ये त्यांनी एक बकेट सीट दाखवली. तिच्या मधल्या गादीचा काही भाग थ्री-डी छपाईने केलेला, जाळीदार, आणि तीन प्रकारांत: कडक, मध्यम, मऊ. पुढे गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घेऊन त्याच्याच आकाराची सीट छापून द्यायची, असाही त्यांचा बेत होता. शिंप्याकडे माप देताना पोट आत ओढणारा आपला समाज बघता, पुण्यात हा बेत चालेल असं मला वाटत नाही. छापलेली सीट घरी येईल, आणि ती खऱ्या माणसाला तोकडी पडेल.

मागच्या सीटचंही शेवटी काय झालं ते सांगायला हवं. २०२४ च्या मे महिन्यात ९९२ ची सुधारित गाडी आली, तेव्हा साध्या कॅरेरा कूपेमधून पोर्शेने मागच्या सीट काढूनच टाकल्या. हव्या असतील तर सांगा, पैसे नाहीत, बसवून देऊ. साठ वर्षं चाललेलं नाटक त्यांनी असं एका ओळीत संपवलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जी टी ३ टूरिंग आली. हा जी टी ३ चा प्रकार म्हणजे वजनाचा दाणान् दाणा मोजणाऱ्यांची गाडी, हिच्यात मागे सीट कधीच मिळत नसत. आता पहिल्यांदाच मागून घेता येऊ लागल्या. ज्यांना फुकट होत्या त्यांच्या काढल्या, ज्यांना कधीच नव्हत्या त्यांना दिल्या. जी टी ३ ची गिऱ्हाइकंही आता आजोबा होऊ लागली असणार, दुसरं काय.

भाच्याच्या बकेट सीट निघाल्या. कारण आई नव्हे, असं तो आग्रहाने सांगतो. सुनेला दिवस गेले होते आणि सातव्या महिन्यात तिलाही उचलून काढायला कुत्रेवाले आजोबा बोलवावे लागले असते. आता पुढे गरम होणाऱ्या, हलणाऱ्या, चामड्याच्या सीट आहेत, आणि मागच्या कट्ट्यावर बाळाची सीट बसते का याची मोजणी सुरू आहे. माप तो मला व्हॉट्सअॅपवर पाठवतो.

काढलेल्यांपैकी एक विकली गेली. दुसरी त्याने विकली नाही. पोर्शे स्वतःच ९११ च्या खऱ्या सीटला खाली चाकं आणि बाजूंना हात लावून ऑफिसची खुर्ची म्हणून विकते. किंमत काही हजार युरो. भाच्याने तीच गोष्ट घरच्या घरी केली, जुन्या खुर्चीचा पाया काढून त्यावर ती सीट बोल्टने आवळली. आता तो घरून काम करतो तेव्हा तिच्यात बसतो. ताशी शून्य किलोमीटर वेगाने, पण वळणावर अजिबात घसरत नाही. मीटिंग लांबली की कॅमेऱ्यात तो हळूहळू खोल जाताना दिसतो. मागच्या शनिवारी मी त्याला विचारलं, "आता पाठ कशी आहे?"

"पाठ ठीक आहे रे मामा," तो म्हणाला, "पण उठवायला कुणी नाहीये घरात."